सेल्फ फिरतो पण पिकअप चालू होत नाही, डिझेलचा पंप काढावा का?

भाऊ, पंपाला आत्ताच हात लावू देऊ नका. तुम्ही लिहिलंय की मोसंबी भरून गाडी रात्री शेतातच उभी होती, सकाळी सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी चालू होईना, आणि गॅरेजवाला पंप उतरवायचं म्हणतोय. त्याच्या पुढंच तुम्ही सहज एक ओळ लिहून गेलात: आठवडाभरापासून सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागत होता, एकदा चालू झाली की दिवसभर काही त्रास नाही. माझ्या मते दुखणं त्या ओळीत आहे. मी सोळा वर्षं अंबडकडं पिकअप आणि ट्रॅक्टरचंच काम करतोय, आणि ही खूण मला पंपाची कमी, डिझेलच्या पाइपात हवा धरल्याची जास्त वाटते.

सर्वात आधी एक माणूस सायलेन्सरपाशी उभा करा आणि सेल्फ मारा. डिझेलच्या गाडीत ठिणगी नसते, दाबानं तापलेल्या हवेत डिझेल पडलं की ते पेटतं. म्हणून धूर पुष्कळ सांगून जातो. पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास आला, तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही. मग हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारा), कॉम्प्रेशन (इंजिनातला हवेचा दाब), डिझेलमधलं पाणी, नाहीतर सेल्फचा कमी वेग, यातलं काहीतरी असतं. सेल्फ फिरताना बॅटरी साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी बदलून बघा. सेल्फ जोरात वाटला तरी मीटर लावाच, कानावर जाऊ नका. धूर अजिबातच नसेल, तर डिझेल नोझलपर्यंत, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडापर्यंत, पोचतच नाही. तुमच्याकडं हेच निघेल असं मला वाटतं.

आता फिल्टरवरचा हॅन्ड पंप दाबा. चांगल्या गाडीत परत परत दाबल्यावर तो कडक होतो. तो मऊच राहिला, किंवा कडक होऊन थोड्या वेळात परत ढिला पडला, तर टाकी आणि पंपाच्या मध्ये कुठंतरी हवा ओढली जातेय. रात्रभरात डिझेल मागं टाकीत उतरतं आणि सकाळी पाइप रिकामा. फिल्टरच्या खालचा नट ढिला करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा आणि पाच मिनिटं ठेवा. खाली पाण्याचा थर दिसला तर फिल्टर बदला आणि टाकीही साफ करा. शेतात कॅननं डिझेल भरणाऱ्यांकडं हे फार होतं.

एक गाडी माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. मोसंबीवाल्याचीच होती. शहरात दोनदा पंप उतरवून झाला होता, तरी सकाळी रड तीच. मी गवंड्याच्या लेव्हलची पारदर्शक नळी आणली, फिल्टर आणि पंपाच्या मध्ये जोडली आणि सेल्फ मारला. नळीतून साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागं एक पळताना त्या मालकानं स्वतः बघितले. फिल्टरच्या मागच्या रबरी पाइपाला क्लिपच्या अगदी कडेला चीर होती, वाकवल्याशिवाय दिसत नव्हती. बाहेर डिझेल गळत नव्हतं, कारण तिथं ओढ आतल्या बाजूला असते. खूण एवढीच, की क्लिपभोवती धुळीची ओलसर काळी कड बसली होती. पाइपाचा तेवढा तुकडा आणि दोन क्लिप बदलल्या, गाडी चालू झाली. आधी गेलेला पैसा मात्र त्या माणसाला परत मिळाला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला एवढं सविस्तर लिहितोय.

तुम्हीही तशीच नळी लावून बघा. बुडबुडे नसतील तर डॅशबोर्ड बघा. चावी दिल्यावर इमोबिलायझरचा (चोरी रोखायला चावी ओळखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत राहतो का? सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडाही हलत नसेल, तर बऱ्याच गाड्यांत क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे ओळखणाऱ्या सेन्सरवर) संशय घ्यावा. फ्यूज आणि वायरी हातानं चाचपा. शेतात उभ्या गाडीची वायर उंदीर एका रात्रीत तोडतात. त्यानंतर स्कॅनर लावून रेलचं, म्हणजे सगळ्या नोझलांना डिझेल देणाऱ्या सामाईक नळीचं, प्रेशर बघायला सांगा. कॉमन रेल गाडीत ते साधारण 200 ते 300 बार झाल्याशिवाय नोझल उघडतच नाहीत. नोझलचं रिटर्न, म्हणजे नोझलमधून परत मागं जाणारं डिझेल, जास्त असेल तरी प्रेशर बनत नाही, त्यामुळं रिटर्न मोजल्याशिवाय पंपाला दोष देता येत नाही.

दोन गोष्टी कृपा करून करू नका. जुन्या गाडीसारखी नोझलची लोखंडी लाइन ढिली करून हवा काढू नका, कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर जातं आणि ती धार कातडी फोडून आत शिरते. आणि एअर क्लीनरमधून स्टार्टिंग स्प्रे मारू नका, हीटर प्लग तापलेला असेल तर आतच भडका उडतो. सेल्फही एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

मोसंबी उन्हात ठेवू नका, आधी दुसऱ्या गाडीत भरून मार्केटला पाठवा. मग निवांत बघा, आणि धूर कसा आला, हॅन्ड पंप कडक झाला का, एवढं इथं लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.