‘बोर्डिंग’मधला ‘बोर्ड’ कोणता?

प्रश्न : नातवाच्या प्रवेशासाठी आम्ही पुण्यातील काही शाळा पाहत आहोत. एका माहितीपत्रकात ‘डे बोर्डिंग’ असे लिहिलेले आढळले. बोर्डिंग स्कूल म्हणजे मुलांनी राहायची शाळा, अशी आमची समजूत आहे. मग मुलगा रोज संध्याकाळी घरी येणार असेल, तर ते बोर्डिंग कसे?
– एक आजोबा, कोथरूड

उत्तर : आपली समजूत बरोबर आहे, घोळ शब्दाच्या इतिहासात आहे. इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे मुळात फळी, त्यावरून जेवणाचे मेज आणि त्यावरून जेवण. आपणही पंगतीत ‘चाळीस पाने झाली’ म्हणतो तेव्हा पाने नव्हे, जेवणारी माणसे मोजतो. (दहावीचे ‘बोर्ड’ही मेजावरूनच आले, फक्त त्या मेजाभोवती बसणारे कारभार पाहत.) स्टेशनजवळच्या ‘लॉजिंग-बोर्डिंग’ या पाटीत लॉजिंग म्हणजे राहणे आणि बोर्डिंग म्हणजे जेवण, ही फोड अजून शाबूत आहे.

शाळेच्या बाबतीत मात्र जेवणाबरोबर मुक्कामही गृहीत धरला गेला आणि जिथे शिक्षण, निवास व भोजन एकाच आवारात होते ती बोर्डिंग स्कूल, म्हणजे निवासी शाळा, असा अर्थ रूढ झाला. साताऱ्याची 1961 सालची सैनिक शाळा किंवा सहावीपासून प्रवेश देणारी नवोदय विद्यालये ही त्याची परिचित उदाहरणे होत.

मराठीत नुसते ‘बोर्डिंग’ म्हटले की अर्थ आणखी बदलतो. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने 1901 साली कोल्हापुरात निघालेले मराठा बोर्डिंग किंवा कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सुरू केलेले बोर्डिंग या शाळा नव्हत्या, ती वसतिगृहे होती. मुले शिकायला अन्यत्र जात. पुण्यात वार लावून किंवा माधुकरी मागून शिकलेल्या पिढ्या आठवल्या, तर शिकू पाहणाऱ्या गरीब मुलापुढे जेवणाचा प्रश्न केवढा मोठा होता आणि या बोर्डिंगांनी नेमके काय सोडवले, ते ध्यानात येते.

‘डे बोर्डिंग’मध्ये शब्द पुन्हा मूळ अर्थाकडे वळतो : मूल शाळेत जेवते, गृहपाठ आणि खेळ बहुधा तिथेच उरकते, झोपायला घरी येते. ही निवासी शाळा नव्हे. मात्र किती वेळचे खाणे मिळते, मूल किती वाजता सुटते आणि त्या वेळी बस असते का, हे शाळेकडून लेखी घ्यावे. माहितीपत्रकातला शब्द तेवढे सांगत नाही.