मॅडम, मला स्टॅटिस्टिक्स जमणारच नाही

मी समुपदेशन करते, आणि दिवाळी सरली की माझ्याकडे एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात. एमबीएचं पहिलं सेमिस्टर, बिझनेस स्टॅटिस्टिक्सचा पेपर तोंडावर, आणि समोरून आवाज येतो, मॅडम, दहावीनंतर गणित सोडलं ते सोडलंच, माझं डोकंच तसं नाहीये. इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकीचं लिहूनच टाकावं, तिला विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून.

ती 26 वर्षांची. दिवसा नोकरी, संध्याकाळी कॉलेज, घरी आईचं पोळीभाजी केंद्र. पहिल्या दोन भेटी रडण्यातच गेल्या, आणि मी रडू दिलं.

"पुस्तक उघडलं की काय होतं?"

"धडधडतं. एकदा वाचून कळलंच पाहिजे ना, बाकीच्यांना कळतं."

"आणि नाही कळलं तर?"

"तर मी मठ्ठच."

हे दोन 'च' बघा. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या पद्धतीने काम करते, म्हणजे त्रास देणारे 'असंच झालं पाहिजे'सारखे हट्टी विचार शोधून बदलायचे, आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके सरांनी जी रुजवली ती पद्धत, आणि इतक्या वर्षांत माझा कान या 'च'वर तयार झालाय. 'कळलं तर बरं' म्हणणारा माणूस दुसऱ्यांदा वाचायला बसतो, 'कळलंच पाहिजे' म्हणणारा पुस्तक मिटतो. ती तर रोजच मिटत होती.

तिला पटलं, पण नुसतं पटून भागत नाही. मी म्हटलं, पुढच्या वेळी आईची हिशेबाची वही घेऊन ये.

वही आली, कोपऱ्यांना तेलाचे डाग, रोज किती पोळ्या गेल्या ते पेन्सिलीने लिहिलेलं, रविवार सुट्टी. दोन आठवडे निवडले. एक 195, 205, 200, 190, 210, 200. दुसरा 200, 210, 120, 190, 200, 280. सरासरी काढ म्हटलं. दोन्हीकडे 200 आली.

"मग दोन्ही आठवडे सारखेच की."

"सारखे कसे?" ती जवळजवळ भांडायलाच उठली. "ह्या 120 ला संकष्टी होती, कणीक वाया गेली. आणि 280 ला कुणाकडे तरी पाहुणे, आई चारला उठलेली!"

मी काहीच बोलले नाही. ती वहीकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "म्हणजे सरासरीपासून किती इकडेतिकडे जातंय ते... तेच का स्टँडर्ड डेव्हिएशन?" तेच. तिथेच बसून हाताने काढलं, पहिल्या आठवड्याचं साधारण 7, दुसऱ्याचं 51. तीन महिने पाठ होत नव्हतं म्हणे ते सूत्र. त्या दुपारी मला फार बरं वाटलं, खरंच.

पण मला उमगलं ते वेगळंच. तिला आकड्यांची भीती नव्हतीच, भीती होती चुकण्याची. शाळेच्या गणितात उत्तर एकच, बाकी सगळ्यावर लाल फुली. ह्या विषयात मात्र चूक आधीच हिशेबात धरलेली असते. 95 टक्के खात्रीने काढलेला अंदाज म्हणजे ह्याच पद्धतीने शंभर वेळा काढला तर पाचेक वेळा चुकणार, हे आधीच कबूल करून ठेवलेलं! हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग आईपण रोज चुकतेच की थोडी. आणि तरी धंदा चालतो."

तर ज्यांचं असंच अडलंय त्यांना सांगते, आधी धडा वाचू नका. स्वतःच्या ओळखीचे दहाबारा आकडे घ्या, दुकानाचा गल्ला, लाइट बिलं, लोकल किती मिनिटं लेट होती, काहीही, आणि एक खरा प्रश्न धरा, उद्या किती माल आणू असा. एक्सेल नंतर, आधी कागदावर. अडलात तर 'मला येत नाही' असं न म्हणता 'ही पायरी कळली नाही' म्हणा आणि नेमकी ती पायरी कुणाला तरी विचारा, कारण पायरी समजावता येते, 'येत नाही'ला कुणी काय समजावणार.

मध्यंतरी ती परत आली होती, आता हायपोथेसिस टेस्टिंगला, म्हणजे एखादा समज आकड्यांवर तपासून बघण्याला, अडलीये. वही मात्र न सांगता घेऊन आली, आणि प्रश्नही स्वतःच काढलेला, संकष्टीला पोळ्या खरंच कमी जातात की आईला नुसतं तसं वाटतं?