भेटी 18, मागणी 11 हेक्टर

"तीन रब्बी झाल्या, कालव्याच्या टेलला (शेवटच्या टोकाला) पाणी नाही. आता 25 जण मिळून आमदारांकडे जातोय, निवेदनात काय लिहू?" हे तुमचं वाचलं आणि मला आमचाच जुना फोटो आठवला. पांढरे कपडे, हातात शाल-नारळ, मागे क्रुझर उभी.

आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी) कसं ठरतं, ते ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीत कोण बसतं, हे टेलच्या माणसाला सांगायची गरज नाही. त्यामुळे आम्ही जिथे आपटलो तिथेच येतो.

दोन वर्षांत आमदार, खासदार, पालकमंत्र्यांचे ओएसडी (विशेष कार्य अधिकारी) मिळून 18 भेटी झाल्या. वहीत तारखा आहेत. प्रत्येक ठिकाणी चहा मिळाला, आमच्या देखत फोन लागला, "टेलला पाणी गेलंच पाहिजे" म्हणून समोरच्याला दम भरला गेला. आम्ही खूश होऊन परत. दुसऱ्या वर्षी समितीच्या नोव्हेंबरच्या बैठकीत आमदारांनी आम्हाला मागच्या खुर्च्यांवर बसवलंसुद्धा. विषयही त्यांनीच काढला, खोटं कशाला बोलू. अधिकाऱ्यांनी शांतपणे टिपणीचं पान उलटलं आणि म्हणाले, "या चारीवर रब्बीची मागणी 11 हेक्टर आहे."

आमच्या चारीचं, म्हणजे कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या फाट्याचं, लाभक्षेत्र 640 हेक्टर. आमदारांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

नमुना नंबर 7, म्हणजे पाणी मागणीचा अर्ज, कोणी भरलाच नव्हता हो. पाणी येत नाही तर अर्ज कशाला, आणि अर्ज करायला गेलं की आधी थकबाकी भरा, म्हणून सगळे गप्प. रब्बी हंगाम 15 ऑक्टोबरला सुरू होतो. त्या सुमारास मागणी अर्जांचं जाहीर प्रकटन पेपरात येतं, आतल्या पानावर, टेंडर नोटिसांच्या गर्दीत. आम्ही ते कधी वाचलं नाही. तिकडे हेडच्या (कालव्याच्या सुरुवातीच्या) ऊसवाल्यांचे अर्ज साखर कारखान्याचे चिटबॉय, म्हणजे गावोगाव फिरणारी त्यांची माणसं, घरोघर फिरून भरून घेत होते. दबावगट म्हणतात तो हा. हार नाही, फोटो नाही, आणि बैठकीच्या आधीच त्यांची मागणी टिपणीत जाऊन बसलेली.

अर्थात सगळा दोष आमचाच, असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी शहाणे होऊन आम्ही 70 अर्ज घेऊन पाटबंधारेच्या शाखा कार्यालयात गेलो. कोणतं ते लिहीत नाही, अजून तिथूनच पाणी घ्यायचंय. पहिल्या दिवशी "साहेब साइटवर आहेत". दुसऱ्या दिवशी "सातबारा नवा लागेल". तिसऱ्या दिवशी बाबूंनी गठ्ठा घेतला, टेबलावर ठेवला, त्यावर काचेचा पेपरवेट ठेवला आणि म्हणाले, झालं, जा. पोच मागितली तर, "विश्वास नाही का?" मी म्हटलं, आहे. माझ्या आयुष्यातला सगळ्यात महाग शब्द. महिन्याने चौकशी केली तर आवक रजिस्टरला नोंदच नाही. त्या हंगामात चारीला पाणी सुटलं, पण नवव्या किलोमीटरलाच संपलं. तिथून पुढे चारीत मनगटाएवढ्या वेड्या बाभळी आणि गेटला गंजलेलं कुलूप. माझा चार एकर हरभरा फुलोऱ्यात होता. पुढचं लिहीत नाही.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या. आमदारांकडे नंतर. आधी 7 नंबरचे अर्ज, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि गोल शिक्का पडल्याशिवाय टेबलासमोरून हलायचं नाही. थकबाकी हा खरा अडसर आहे. आम्हाला गयावया करून हप्ते मिळाले, तुमच्याकडे मिळतीलच असं नाही. त्याच्या आधी, ऑगस्टमध्येच, माहिती अधिकारात अर्ज टाका. 10 रुपयांत होतो, उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, म्हणून ऑगस्ट. मागच्या तीन हंगामांचा आवर्तन कार्यक्रम आणि तुमच्या चारीच्या गेजच्या (पाणी मोजायच्या पट्टीच्या) नोंदी मागा. आमच्या हातात तो कागद आला तेव्हा कळलं, कागदावर आमची चारी 14 दिवस वाहत होती! 18 भेटींत जे झालं नाही ते त्या एका झेरॉक्सने झालं. आमदार पहिल्यांदा मनापासून चिडले.

भेटीला 25 जण नेऊ नका. तीन पुरेत, त्यातला एक आकडे पाठ असलेला. झेडपीला उभं राहायची हौस असलेला तर अजिबात नको, आमची निम्मी ताकद त्यात गेली. आणि निवेदन देतानाचा फोटो पेपरात देऊ नका. फोटो छापून आला की अर्ध्या गावाला वाटतं काम झालं.

आणखी एक. हेडही आमदारांचंच, टेलही त्यांचंच. तुमच्यासाठी ते हेडचं पाणी तोडणार नाहीत, तशी आशाही धरू नका. "पाणी द्या" म्हणण्यापेक्षा "टेल टू हेड, आधी टेलला मग हेडला, पाणी देणार आणि आमच्या चारीचं गेट अमुक तारखेला उघडणार, एवढं इतिवृत्तात लिहून घ्या" म्हणा. यात त्यांचं काही जात नाही, म्हणून ते करतात. इतिवृत्ताची प्रत मात्र आठवड्यात मिळवा. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात लक्षवेधी वगैरेच्या नादी लागू नका, तोवर निम्मी रब्बी संपते.

शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेचं कोणीतरी सुचवेलच. 2005 च्या कायद्याने संस्थेला पाणी मोजून मिळतं, हे खरं. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या वाघाड धरणावर ओझरच्या टेलच्या तीन संस्थांपासून सुरुवात झाली आणि पुढे अख्ख्या प्रकल्पाचं पाणी शेतकऱ्यांच्या हाती आलं. जाऊन बघून या. आमची संस्था मात्र अध्यक्ष कोण या भांडणात दोन वर्षं नुसती कागदावर होती, तेव्हा मी फार बोलत नाही.

मी वकील नाही, इंजिनिअरही नाही. आमचा प्रकल्प वेगळा, तुमच्याकडच्या तारखा आणि अटी वेगळ्या असू शकतात. प्रकटन स्वतः वाचा.

चारीचं लाभक्षेत्र किती, गेल्या रब्बीत 7 नंबर किती जणांनी भरले आणि थकबाकी किती गटांवर आहे, एवढं कळवा. आमच्या निवेदनाचा एक पानी नमुना आहे, त्यात तुमचे आकडे घालून पाठवतो.