‘मी रोमान्स वाचते’ असं मराठीत म्हणता येतं का?

चाळीसगावच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे, थोडक्यात असा: “मी इंग्रजीतून हिस्टॉरिकल रोमान्स आणि गॉथिक रोमान्स वाचते. महिन्याला चार-पाच सहज होतात. पण वाचनालयात किंवा घरी कुणी ‘काय वाचतेस गं?’ विचारलं की अडते. ‘प्रणयकथा’ म्हटलं की समोरचा भलतंच समजतो. ‘ऐतिहासिक’ म्हटलं की ‘शिवकाल की पेशवाई?’ विचारतो. ‘भयकथा’ म्हटलं की भुतंखेतं. या पुस्तकांना मराठीत नीट शब्द आहे का?”

ताई, एक शब्द नाही. पण तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि त्यातल्या दोन मराठीत सुटतात. तिसरीबद्दल माझं एक खास खान्देशी मत आहे, ते शेवटाकडे सांगतो.

आधी ‘रोमान्स’. मराठीत रोमान्स वाचत नाहीत, करतात. ‘त्या दोघांचा रोमान्स चालू आहे’, ‘गच्चीवर काय रोमान्स करताय?’ अशी आपली वाक्यं. म्हणजे इंग्रजीतून शब्द आला तो फक्त क्रियेच्या अर्थाने आला, पुस्तकाच्या अर्थाने आलाच नाही. म्हणून ‘मी रोमान्स वाचते’ ऐकलं की माणूस क्षणभर थांबतो. ‘रोमान्स कादंबरी’ म्हणा, वाक्य लगेच चालायला लागतं.

या शब्दाची मूळ कुळकथा मला फार आवडते. जुन्या फ्रेंचमध्ये तो शब्द प्रेमाचा नव्हता, भाषेचा होता. पंडितांची लॅटिन एकीकडे आणि लोकांच्या तोंडची बोली ती ‘रोमान्झ’. मग त्या बोलीत रचलेल्या गोष्टीलाच लोक ‘रोमान्झ’ म्हणू लागले. त्या गोष्टी असायच्या शूर सरदारांच्या, जादूच्या, राक्षसांच्या, आणि मधूनमधून एखाद्या राजकन्येच्या. पुढे राजकन्या तेवढी उरली. म्हणजे समजा, आपल्याकडे आजीने चुलीपाशी अहिराणीत सांगितलेल्या गोष्टीचंच नाव ‘अहिराणी’ पडलं असतं, ‘आजी, एक अहिराणी सांग ना’ असं पोरांनी म्हटलं असतं, आणि दोन-तीनशे वर्षांनी ‘अहिराणी’चा अर्थ ‘प्रेमप्रकरण’ झाला असता, तसं हे.

त्या जुन्या अर्थाला मराठी समीक्षेत ‘अद्भुतरम्य’ हा शब्द आहे, चांगला आहे, पण तो वर्गात वापरायचा. दुकानात ‘एक अद्भुतरम्य द्या’ म्हणून पाहा.

‘प्रणयकथा’बद्दलची तुमची तक्रार बरोबर आहे. संस्कृतात प्रणय म्हणजे जिव्हाळा, लाडका विश्वास, रुसव्याफुगव्याचा हक्क. आजच्या मराठीत मात्र तो शब्द सिनेमाच्या परीक्षणात (‘प्रणयदृश्यं’) आणि प्राणिशास्त्रात (‘मोरांचा प्रणयकाळ’) जाऊन बसला. ‘शृंगार’चं त्याहून वाईट: एकीकडे रसांचा राजा, दुसरीकडे कुलूपबंद कपाटातलं पुस्तक. तेव्हा सरळ ‘प्रेमकथा’ म्हणा. साधा शब्द आहे म्हणून कमी दर्जाचा नाही.

आता ‘ऐतिहासिक’. इथे खरी गंमत आहे. मराठी वाचकाचा ‘ऐतिहासिक कादंबरी’शी एक करार झालेला आहे: नायक खराखुरा हवा, बखरीत सापडणारा हवा, आणि शक्यतो घोड्यावर हवा. तुमच्या इंग्रजी पुस्तकांत तसं काही नसतं. तिथला ड्यूक कल्पित, त्याची हवेली कल्पित, नायिका तर शंभर टक्के कल्पित. खरं असतं ते फक्त साल, कपडे, बग्गीची चाकं आणि वारसाहक्काचे कायदे. इतिहास तिथे नेपथ्य असतो. यासाठी मराठीत ‘कालीन’ हा फार कामाचा प्रत्यय आहे. शिवकालीन नाणं, पेशवेकालीन वाडा. शिवकालीन नाण्याने स्वतः काही पराक्रम केलेला नसतो, ते फक्त त्या काळातलं असतं. तसंच ‘इतिहासकालीन प्रेमकथा’ म्हटलं की पात्रं खरी असण्याची अट आपोआप गळते. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती गुंजीकरांची ‘मोचनगड’ (1871) या हिशेबाने इतिहासकालीनच म्हणायची: किल्ला कल्पित, गोष्ट कल्पित, काळ तेवढा शिवाजी महाराजांचा. म्हणजे करार नंतर कडक झाला, सुरुवातीला सैलच होता.

तुमच्या यादीत ज्या ‘रीजन्सी’ कादंबऱ्या असतील त्यांनाही हाच प्रत्यय लावा, ‘रीजन्सीकालीन’. तिसरा जॉर्ज राजा कारभाराला असमर्थ ठरला आणि 1811 ते 1820 त्याच्या मुलाने राजप्रतिनिधी म्हणून राज्य केलं, तो हा काळ. जॉर्जेट हेयरबाईंनी या नऊ-दहा वर्षांच्या चिंचोळ्या पट्टीत इतक्या नायिका नाचवल्या की पुढे त्याचा एक वेगळा कप्पाच झाला. जाता जाता एक सांगून ठेवतो. अशा कादंबऱ्यांत पुष्कळदा कुणीतरी धाकटा भाऊ किंवा काका ‘हिंदुस्थानातून पैसा कमावून’ परततो आणि त्या पैशावर लंडनमध्ये नाच रंगतात. त्याच दशकात, 1818 च्या फेब्रुवारीत, जनरल हिस्लॉपच्या फौजेने आपल्या तापीकाठचं थाळनेर घेतलं, शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. माझं आजोळ त्याच भागातलं. त्यामुळे असा काका पानावर आला की मी त्याच्याकडे जरा रोखूनच बघतो. वाचायचं थांबत नाही, हेही खरं.

उरला ‘गॉथिक’. हा शब्द मूळचा शिवी आहे. गॉथ ही जर्मानिक टोळी. त्यांच्यातल्या एका शाखेने 410 साली रोम लुटलं. हजारएक वर्षांनी इटलीतल्या विद्वानांना मध्ययुगातल्या टोकदार कमानींच्या इमारती आवडेनाशा झाल्या, तर त्यांनी त्यांना ‘गॉथांची’ म्हणजे रानटी ठरवलं. त्या बांधकामाशी गॉथांचा काडीचा संबंध नव्हता. आपण एखाद्याला ‘अगदीच मोगलाई आहे’ म्हणतो तेव्हा मोगलांना जितकं विचारतो, तितकंच त्यांनी गॉथांना विचारलं. पुढे शिवीची शैली झाली. तुम्ही चाळीसगावहून गाडीत बसून मुंबईला उतरता ते सीएसएमटी स्थानक याच शैलीच्या व्हिक्टोरियन अवताराचं. तिथे भीती वाटते ती फक्त गर्दीची.

इमारतीवरून शब्द पुस्तकावर आला तो होरेस वॉलपोल या इंग्रज गृहस्थामुळे. 1764 मध्ये त्याने एका किल्ल्याची गोष्ट लिहिली आणि ती जुन्या इटालियन हस्तलिखिताचं भाषांतर आहे अशी थाप मारली. लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या अंगावर आभाळातून भलंथोरलं शिरस्त्राण पडतं आणि तो जागीच ठार, अशी सुरुवात. लोकांना आवडली. मग पुढच्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीत त्याने लेखक मीच असं कबूल केलं आणि नावाखाली ‘एक गॉथिक गोष्ट’ असं छापलं. झालं नामकरण.

म्हणजे बघा, ‘गॉथिक’ या शब्दाच्या पोटात भूत नाही. इमारत आहे. भूत असलं तर असतं, आणि अॅन रॅडक्लिफबाईंच्या कादंबऱ्यांत तर शेवटी भुताचा बऱ्यापैकी वास्तव खुलासाही होतो. जुनं घर मात्र काढता येत नाही. म्हणूनच ‘भयकथा’ हा प्रतिशब्द चुकतो. तो परिणामाचं नाव देतो, जागेचं देत नाही.

मग जागेचं मराठी नाव काय? ‘वाडा’ सगळ्यांना आधी सुचतो. पण माझ्या कानाला वाडा म्हणजे सात बिऱ्हाडं, एक नळ आणि दिवसभर भांडणं. तिथे एकटं पडायला सवड कुठे? ‘हवेली’ हिंदी सिनेमाने वापरून झिजवली. ‘किल्ला’ आला की लढाई आली. माझं मत ‘गढी’ला. गढ म्हणजे गड, आणि गढी हे त्याचं लहान रूप. डोंगरावरचा नव्हे, गावातलाच. एखाद्या देशमुखाचा किंवा जहागीरदाराचा, उंचवट्यावर मातीच्या जाड भिंतींचा. खान्देशात आजही किती गावांत अर्धी पडलेली गढी आहे! खालचं गाव वाढत गेलं, धाब्याची घरं जाऊन स्लॅब आले, गढी तशीच झिजत राहिली.

माझ्या आजोळची गढी मी आतून पाहिली आहे. तट ढासळला होता, गावकरी धाब्यावर टाकायला तिथली पांढरी माती पाट्यांनी नेत असत. दिंडी दरवाजा मात्र उभा होता आणि त्याच्या मागे भिंतीत अडसराची खोबण होती. अडसर म्हणजे सागाचा लांब चौकोनी वासा. दिवसा तो भिंतीच्या पोटात सरकवून ठेवायचा, रात्री बाहेर ओढून दारापाठी आडवा लावायचा. वासा कधीच कुणाच्या तरी चुलीत गेला होता. खोबण उरली होती. मी त्यात हात घातला, कोपरापर्यंत गेला, तरी पुढे मोकळंच. आत गार हवा होती. हात बाहेर काढल्यावर कळलं की सोबतची पोरं केव्हाच पळाली होती. संध्याकाळी आजीला विचारलं, “तठे काय शे?” आजी म्हणाली, “काहीच नई.” आणि ज्या घाईने म्हणाली, त्यात सगळं आलं. पुढे रॅडक्लिफबाई वाचताना मला कुठलाही इटालियन किल्ला दिसला नाही, ती खोबण दिसली.

दुसरी गोष्ट, गॉथिक रोमान्सची नायिका आपल्याला परकी नाही. पैशाने लहान, वयाने लहान, एका मोठ्या घरात जाऊन पडलेली. घराचे नियम कुणी नीट सांगत नाही, जुनी कारभारीण सगळं जाणून असते, मालक बोलत नाही, आणि एक खोली उघडायची नसते. हिला मराठीत शब्द आहे: सासुरवाशीण. त्या बंद खोलीत ‘जेन एअर’मध्ये (1847) निघते ती पहिली बायको. तिलाही शब्द आहे: सवत. इंग्रजीला हे दोन शब्द नाहीत म्हणून त्यांना तीनशे-चारशे पानं लागतात, असं मी एकदा गमतीने म्हटलं होतं. बायकोने उत्तर दिलं, “शब्द असले तरी तीनशे पानं लागतातच.”

आमच्या घरात पणजी ही पणजोबांची दुसरी बायको. तिच्या गळ्यात काळ्या पोतीत चांदीचा एक चपटा टाक असायचा, बोटाच्या पेराएवढा, त्यावर ठोकलेली एक बाईची आकृती. ती गेलेली पहिली बायको. सवतीचा टाक. नवरीने तो गळ्यात घालायचा, म्हणजे ती रागावत नाही. पणजी रोज अंघोळीनंतर आधी टाकाला हळदकुंकू लावायची, मग स्वतःला. टाकावरचं नाकडोळे झिजून सपाट झालं होतं. दाफ्ने द्यू मॉरिएबाईंनी मेलेल्या पहिल्या बायकोच्या सावलीत जगणाऱ्या दुसरीवर 1938 मध्ये आख्खी कादंबरी रचली. आमच्याकडे ती सावली तोळा-अर्ध्या तोळ्यात मावली होती.

तर ‘गढीकथा’ म्हणा, असं माझं म्हणणं. यावर एक रास्त आक्षेप येईल: इंग्लंडातल्या दगडी प्रासादाला गढी कसं म्हणायचं? मान्य. त्या विशिष्ट इंग्रजी परंपरेबद्दल बोलताना ‘गॉथिक’ हाच शब्द देवनागरीत ठेवावा, आणि ‘गॉ’ असा लिहावा, ‘गो’ नव्हे. पण ‘गॉथिक म्हणजे काय गं?’ असं कुणी विचारलं, तर ‘गढीतली गोष्ट’ एवढं सांगून बघा. निदान खान्देशात तरी पुढे समजावावं लागणार नाही.

एक शेवटचं, कारण तुम्ही पत्रात ‘असल्या कादंबऱ्या’ असा शब्द वापरला आहे, जरा अंग चोरून. ते साहजिक आहे. आपल्याच सांगवीच्या नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती सांगितल्या, त्यांत तुमच्या आवडीची पुस्तकं ‘मुक्तामाला’ या जुन्या कादंबरीच्या रंजनाच्या आणि ‘मोचनगड’च्या वळचणीला जातील आणि तिथे फारसा मान मिळणार नाही. पण मुळात ‘कादंबरी’ हा शब्दच बघा ना. हिंदी-बंगालीत ‘उपन्यास’, गुजरातीत ‘नवलकथा’. आपण आणि कन्नडिगांनी मात्र बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या एका नायिकेचं नाव उचलून सगळ्या प्रकाराला दिलं. आणि त्या नायिकेच्या गोष्टीत काय आहे? निर्जन सरोवराकाठी शिवमंदिरात मेलेल्या प्रियकराची वाट पाहणारी महाश्वेता. शाप, पुनर्जन्म, माणसासारखं बोलणारा पोपट. आणि चंद्रापीडाचा प्राण गेल्यावर त्याचा न कुजणारा देह राखत बसलेली खुद्द कादंबरी. कादंबरी म्हणजे एक मद्यही. त्या श्लेषावर संस्कृतात जुनी कोटी आहे की हा रस ज्याला कळला त्याला जेवणही रुचत नाही.

तेव्हा वाचनालयात कुणी विचारलं तर ‘कादंबरी वाचते’ म्हणा. आणखी खोदून विचारलं तर ‘इतिहासकालीन प्रेमकथा’ किंवा ‘गढीकथा’, जी हातात असेल ती. आमच्या इथल्या एका वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये अशी बारा-पंधरा पुस्तकं वर्षानुवर्षं ‘संकीर्ण’ या सदरात पाककृती आणि पशुपालनाच्या मधे नोंदलेली आहेत. तिथल्या काकांना मी ‘गढीकथा’ असं सदर सुचवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “कुठल्या गावची?”