मूळ सीडी हातात आहे, तरी गेम चालत नाही: जुने आणि नवे स्ट्रॅटेजी गेम

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. २००२-०३ च्या सुमारास घेतलेला स्ट्रॅटेजी गेम विंडोज ११ वर इन्स्टॉल होतो, पण सुरू करताना ‘सीडी घाला’ म्हणून अडून बसतो, त्याचं काय करायचं? आणि एवीतेवी जुने गेम मागे पडलेत, तर सरळ नवाच का घेऊ नये?

सीडीचं आधी सांगतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात सीडीवर बुरशी धरते हे खरं, पण इन्स्टॉल पूर्ण होतंय म्हणजे तुमची सीडी धड आहे. अडचण कुलपाची, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या सॉफ्टवेअरची दिसते. त्या काळच्या बऱ्याच गेमवर सेफडिस्क किंवा सेक्युरॉम नावाचं कुलूप असायचं. सेफडिस्कच्या सीडीवर मुद्दाम काही भाग न वाचता येण्यासारखे ठेवलेले असत. साध्या सीडी रायटरला त्यांची नक्कल जमत नसे, आणि ते जागच्या जागी आहेत का हे बघायला विंडोजच्या अगदी गाभ्यात एक ड्रायव्हर (छोटा प्रोग्रॅम) बसवलेला असे. त्याच ड्रायव्हरमध्ये २००७ साली सुरक्षेतली मोठी फट सापडली. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टनं त्याला थारा दिला नाही, आणि सप्टेंबरात एका अपडेटनं जुन्या विंडोजवरही तो बंद केला. निर्णय बरोबरच होता. पण परिणाम काय झाला बघा: ज्यानं पैसे मोजून मूळ सीडी घेतली तो बाहेर राहिला, आणि ज्यानं कुलूप तोडलेली प्रत मिळवली त्याला काही फरक पडला नाही. मला याचा राग आजही येतो.

इतर गेमपेक्षा स्ट्रॅटेजी गेमच्या बाबतीत हे जास्त लागतं, कारण हे गेम म्हातारे होत नाहीत. एज ऑफ एम्पायर्स २ आला १९९९ मध्ये, त्याची पहिली पुरवणी २००० मध्ये. पुढची अधिकृत पुरवणी आली २०१३ मध्ये, तीही चाहत्यांनी गेममध्ये फेरफार करून बनवलेल्या आवृत्तीतून (मॉडमधून). २०१९ मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन, आणि २०२२ मध्ये भारतावरची पुरवणी, ज्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर सैन्यं आली. हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३ सुद्धा १९९९ चाच. चाहते अजून त्यात नवी शहरं घालतायत. गेम असा पंचवीस वर्षं टिकतो आणि त्याचं कुलूप पंधरा वर्षांत गंजून जातं.

आता जुनं की नवं. जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. पहिल्या स्टारक्राफ्टमध्ये एका वेळी बाराच सैनिक निवडता यायचे, आणि अरुंद वाटेवर ते एकमेकांना अडवत उभे राहायचे. एजच्या नव्या आवृत्तीत शेत आपोआप पुन्हा पेरलं जातं. ती कटकट गेली ते फार चांगलं झालं. सिव्हिलायझेशन ५ मध्ये (२०१०) नकाशावर षट्कोनी घरं आणि एका घरात एकच पलटण हा नियम आला, त्यामुळे डोंगर, नदी, खिंड यांना खरी किंमत आली. त्याच नियमानं आपल्याविरुद्ध खेळणाऱ्या संगणकाची मात्र दमछाक झाली. चौथ्या भागात तो सगळी फौज एका घरात रचून अंगावर यायचा आणि भीती वाटायची. पाचव्यात त्याला आपल्याच पलटणी नीट मांडता येत नाहीत. एकट्यानं खेळणार असाल तर मी अजूनही चौथा भागच सुचवीन.

खरा तोटा झाला तो एकत्र खेळण्यात. मूळ स्टारक्राफ्टच्या एका सीडीवर लॅनमधल्या, म्हणजे एकाच जागी तारेनं जोडलेल्या संगणकांवरच्या मित्रांना खेळता यावं अशी सोय खुद्द कंपनीनं दिली होती. गणेशचवथीला मूळ घरी सगळी भावंडं जमली की आम्ही एका स्विचला चार संगणक जोडायचो, इंटरनेटचा संबंधच नसे. २०१० च्या स्टारक्राफ्ट २ मधून लॅन काढूनच टाकलं. त्याच वर्षीच्या सेटलर्स ७ ला तर एकट्यानं खेळतानाही सतत इंटरनेट लागायचं. २०१३ च्या सिमसिटीचं तेच झालं: सर्व्हर कोसळले, विकत घेणारे ताटकळले, आणि ऑफलाइन खेळायची सोय मिळायला २०१४ चा मार्च उजाडला.

आम्हा गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या लोकांना हे जास्त झोंबतं. जुलैत वाऱ्यानं झाड पडलं की वीज जाते आणि फायबरही तुटते. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालतो, बाहेर धो धो पाऊस, घराबाहेर पडता येत नाही. लांबलचक मोहीम खेळायला याहून चांगला दिवस नाही. आणि नेमका तेव्हाच, एकट्यानं खेळायचा गेम परवानगी मागायला सर्व्हर शोधत बसतो.

म्हणून तुमच्या गेमसाठी: कुठल्याही साइटवरून क्रॅक (कुलूप तोडणारी फाइल) उतरवू नका, त्यातून काय आत शिरेल सांगता येत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत असणाऱ्याला सॉफ्टवेअरची बॅकअप प्रत करू देतं, पण २०१२ मध्ये आलेलं कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूनं कुलूप तोडणं हा गुन्हा ठरवतं. आधी जीओजीवर तो गेम आहे का बघा. ही साइट २००८ पासून जुने गेम कुलपाशिवाय विकते. पुन्हा पैसे द्यावे लागतात याचा त्रास होतो, पण त्याची इन्स्टॉलर फाइल उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते आणि नेट नसतानाही चालते. तिथे नसेल तर एखाद्या जुन्या संगणकावर विंडोज एक्सपी ठेवा, त्याला इंटरनेट जोडू नका, आणि तुमची मूळ सीडी तिथेच वापरा.

नवा गेम घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण पैसे भरण्याआधी त्याच्या पानावर दोन गोष्टी वाचा: एकट्यानं खेळायला इंटरनेट लागतं का, आणि डेन्युव्होसारखं तिसऱ्याच कंपनीचं कुलूप आहे का. स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर हे लिहिलेलं असतं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून स्टीम पैसे घेतानाच सांगतं, की तुम्हाला मिळतो तो फक्त वापरण्याचा परवाना.

गेमचं नाव कळवा, म्हणजे त्यावर नेमकं कोणतं कुलूप होतं ते बघून सांगतो.