सोलापुरात बंद पडलेल्या बॅटरी-भट्टीच्या (जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायची जागा) आवारात मुलं खेळतात. शिशाचा धोका किती, हे कसं ठरवायचं?

आधी मुलांचं तिथलं खेळणं बंद करा आणि मातीचा वरचा थर व मुलांचं रक्त, दोन्ही तपासा. कारण धोका ठरतो तो जागेत शिसं किती आहे यापेक्षा ते पोटात किती जातं यावर. माती तपासणीच्या कामातून सांगतो, शिसं कातडीतून फारसं शिरत नाही. रांगणारं पोर उंबऱ्याजवळच्या शहाबादीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं, तो खरा मार्ग. त्यात लहान मुलं मोठ्यांच्या 4-5 पट शिसं शोषून घेतात. आपल्याकडे उन्हाळ्यात वावटळ उठली की धूळ कुंपण मानत नाही, म्हणून लगतची घरंही धरा. नमुने इथून घ्या:

- बॅटऱ्या फोडायची जागा आणि भट्टीचा भाग
- पाणी वाहून जाणारी नाली
- मुलं बसतात ती झाडाखालची सावली

माती वरची दोन-अडीच सेंटीमीटरच घ्या. खालची मिसळली की आकडा फसवा कमी येतो. रक्त शिरेतून काढलेलं हवं, बोटावरची धूळ निकाल बिघडवते. 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं, तर स्रोत शोधून तो थांबवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखालीही सुरक्षित अशी पातळी नाही. निकाल येईपर्यंत घरात कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. मात्र रक्तात मुख्यतः अलीकडच्या काही आठवड्यांचंच शिसं दिसतं, जुनं हाडांत साठतं. सुट्टीत गावी राहून आलेल्या मुलाचा रिपोर्ट चांगला आला म्हणून आवार खेळायला खुलं करू नका.