मनोविकारतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक : दोन्ही शब्द हवेत का?

प्रश्न असा आहे : कार्ल अब्राहम (१८७७–१९२५) यांची ओळख मूळ मजकुरात ‘जर्मन सायकिॲट्रिस्ट आणि सायकोॲनालिस्ट’ अशी आहे. ‘मानसोपचारतज्ज्ञ व मनोविश्लेषक’ लिहिले तर द्विरुक्ती वाटते. नुसते ‘मानसशास्त्रज्ञ’ लिहिले तर चालेल का?

नाही चालणार. मानसशास्त्रज्ञ म्हणजे सायकॉलॉजिस्ट, आणि अब्राहम नेमके तेच नव्हते. मूळ मजकुरातल्या दोन्ही ओळखी मात्र ठेवायलाच हव्यात.

सायकिॲट्री हा शब्द हाले इथले वैद्य योहान ख्रिस्तियान राइल यांनी १८०८मध्ये घडवला. त्यातला ‘इआत्रोस’ म्हणजे ग्रीकमध्ये वैद्य. म्हणजे वैद्यकी या शब्दातच मुरलेली आहे. अब्राहम यांनी १९०१मध्ये फ्रायबुर्गला वैद्यकीची पदवी घेतली, बर्लिनच्या डालडॉर्फ मनोरुग्णालयात काम केले, मग १९०४ ते १९०७ झुरिकच्या बुर्गहोल्त्सली रुग्णालयात तिथले प्रमुख ब्लॉयलर यांच्या हाताखाली काढली. इथवर ते सायकिॲट्रिस्ट, म्हणजे मनोविकारांचे डॉक्टर. १९०७च्या अखेरीस ते फ्रॉइडना भेटले (मनोविश्लेषण, म्हणजे रुग्णाला कोचावर आडवे करून मनात येईल ते बोलू देणारी उपचारपद्धत, यांचीच), बर्लिनमध्ये स्वतःचा व्यवसाय थाटला आणि १९०८मध्ये विश्लेषकांचे मंडळ जमवले. दुसरा शब्द इथून लागू होतो. १९११मध्ये त्यांनी उन्माद-अवसादाच्या, म्हणजे अतिउत्साह आणि नैराश्य यांत हेलकावणाऱ्या, रुग्णांवर विश्लेषणाच्या अंगाने निबंध लिहिला. आजार मनोरुग्णालयातला, पद्धत फ्रॉइडची. दोन्ही शब्द सोबत लिहायचे ते याचसाठी.

एक असून दुसरे नसणारेही होते. अब्राहम यांच्याकडे विश्लेषण करून घेतलेले थेओडोर राइक डॉक्टरेट मिळवलेले, पण मानसशास्त्रातली. वैद्यकीची पदवी नसताना उपचार करतात म्हणून १९२६मध्ये व्हिएन्नात त्यांच्यावर बालंट आले, आणि त्यांच्या बाजूने फ्रॉइडना एक पुस्तकच लिहावे लागले. राइकना मनोविश्लेषक म्हणा. सायकिॲट्रिस्ट म्हटले तर त्या भांडणाचा अर्थच उरत नाही.

आता मराठी शब्दांकडे. वर्तमानपत्रे सायकिॲट्रिस्टला सर्रास ‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हणतात. बोलण्यात खपते, पण मानसोपचार म्हणजे सायकोथेरपीही; त्यामुळे मनोविश्लेषकही त्यात बसतो आणि तुम्हाला जाणवली ती द्विरुक्ती खरेच होते. दोन्ही शब्द शेजारी येतात तिथे ‘मनोविकारतज्ज्ञ’ घ्या. तुमचे वाक्य असे : ‘जर्मन मनोविकारतज्ज्ञ व मनोविश्लेषक कार्ल अब्राहम’.

रूपांबद्दलही सांगायला हवे. मनस् + विकार, मनस् + विश्लेषण यांत पुढे मृदू व्यंजन असल्याने ‘मनो’ होते. पुढे ‘उ’ आला की तसे होत नाही, म्हणून ‘मनोपचार’ चूक. ‘मानसोपचार’ बरोबर, कारण तिथे मूळ शब्द ‘मानस’ आहे : मानस + उपचार. ‘च’ आला तर संस्कृत नियमाने ‘मनश्चिकित्सा’. ‘मनोचिकित्सा’ आता इतके रुळले आहे की त्यावर लाल शाई खर्च करण्यात मला अर्थ वाटत नाही. ‘तज्ञ’वर मात्र करावी. तत् + ज्ञ, म्हणून तज्ज्ञ.

आणि पुस्तक-परीक्षणांत ‘लेखिकेने नायिकेचे छान मनोविश्लेषण केले आहे’ असे वाचायला मिळते. तिथे ‘मनोव्यापारांचे चित्रण’ म्हणायचे असते. नायिका काही कोचावर आडवी होऊन मनात येईल ते बोलत नसते.